हिला कॅन्सर नाही

मंडळी, इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. कुठल्या तोंडाने लिहावं तेच कळत नव्हतं.

हिला कॅन्सर झालाय, असं गेल्या आठवड्यात मीच तुम्हा सगळ्यांना सांगितलं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ही पिवळी पडली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या वाटेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, घालावी लागेल. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला तशीच घातली होती आणि त्याला कॅन्सर होता. मी पुढचं विचारलंच नाही. मला घाबरायला एवढं पुरतं.

आज स्टेंट घालून हिला बदलापूरला घरी आणली. दारात चपलांचा ढीग. बारवी धरणाकडच्या गावचा हिचा भाऊ, भावजय, सगळे गप्प बसलेले. हिने मला हळूच विचारलं, "अहो, कोण गेलं?"

भावजय हंबरडा फोडून हिच्या गळ्यात पडली. मग सगळं बाहेर आलं.

ही म्हणाली, "अगं, कसला कॅन्सर! ऑपरेशनच्या जागी वाट आकसली होती, ती आता मोकळी झाली. काही महिन्यांनी स्टेंट बदलायचा. आणि अहो, मला तरी विचारायचं! जिवंतपणीच पोचवलंत मला."

भाऊ हसला. मला मान वर करता आली नाही.

पण आमची लेक नलू सासरी आहे, तिला सातवा महिना चालू आहे. तुमच्यापैकी कुणी तिच्या कानावर हे घातलं असेल, तर आजच तिला खरं सांगा. घातलं नसेल, तरी मला कळवा. लवकर कळवा, हात जोडतो.