तिसरी रांग

काचघरातल्या म्हाताऱ्या माळ्याला सगळे थेंबमामा म्हणत. वाळवंटी झुडपांवर संशोधन करणाऱ्या बाईंनी त्यांच्याकडे तीन रांगा सोपवल्या होत्या. पहिलीला दर आठवड्याला पाणी, दुसरीला महिन्यातून एकदा, तिसरीला वर्षभर टिपूस नाही. मामा मापाच्या भांड्याने पाणी घालत आणि रिकामं भांडं कुंडीवर झटकतसुद्धा नसत. बायको म्हणे, "अहो, मी कितव्या रांगेत आहे, तेवढं एकदा सांगून टाका."

अकराव्या महिन्यात बाई परगावी गेल्या आणि नेमके तेव्हाच नवे साहेब रुजू झाले. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. पहिली रांग तरारलेली, तिसरीत बारा कुंड्या आणि नुसत्या काटक्या.

"हे सरपण कशाला जपलंय? संध्याकाळपर्यंत उचला."

"जिवंत आहेत, साहेब. ओल उडून जाऊ नये म्हणून पानं टाकलीत त्यांनी."

"मग घाला ना पाणी. पालवी फुटली तर राहू द्या."

म्हणजे आगीतून फुफाट्यात. उचलली काय किंवा पाणी घातलं काय, बाईंचं वर्ष बुडणारच. मामांनी नखाने साल खरवडून आतला हिरवा रंग दाखवला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शेवाळं असेल."

मामांनी पहिल्या रांगेतली एक आणि तिसरीतली एक अशा दोन हातभर खोल कुंड्या उचलल्या आणि फरशीवर फोडल्या.

पहिलीतली मुळं वरच्या वीतभर मातीत घरजावयासारखी ऐसपैस पसरली होती. खाली जायची त्यांना गरजच पडली नव्हती. तिसरीतलं मूळ सरळ तळाशी गेलं होतं आणि तिथे जागा संपली म्हणून गोल फिरत राहिलं होतं. मामांनी त्याचं टोक मोडून दाखवलं. आतून पांढरंशुभ्र.

साहेब उकिडवे बसून बराच वेळ पाहत राहिले. "वरून तर काहीच दिसत नाही हो."

"दाखवायला पाणी लागतं, साहेब."

"बरं, बरं. मागच्या बाजूला सरकवा."

अकरा कुंड्या वाचल्या. नोंदवहीत मामांनी लिहिलं: 'दोन कुंड्या माझ्या हातून फुटल्या.' परत आल्यावर बाईंनी ते दोनदा वाचलं, खाली सही केली आणि तिसऱ्या रांगेतल्या फुटक्या कुंडीतलं झुडूप मामांना घरी न्यायला सांगितलं.

बायकोने ते अंगणात लावलं आणि तांब्या भरून आणला. "आता तरी घालू का?"

मामांचा हात सवयीने मापाचं भांडं शोधू लागला. ते काचघरात राहिलं होतं.

"घाल," ते म्हणाले, आणि दुसरीकडे पाहू लागले.