एकाआड एक निळी ओळ

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. आधी नोकरीचं निमित्त होतं, मग बायकोच्या आजारपणाचं. आता कसलंच उरलेलं नाही. मुलगी बंगळुरूला असते. घरात माझ्याशिवाय कोणी नाही. म्हणून लिहितो.

सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी ऑफिस सांभाळायचो. माझ्या हाताखाली एक बाई होत्या, विणकरांच्या तेलुगू घरातल्या. कुठल्या लॉटचं सूत कुठल्या रंगात रंगवायचं, याची शीट त्या कॉम्प्युटरवर करायच्या आणि तिची रंगीत प्रिंट रंगखान्यात जायची. शेडची नावं इंग्रजीत असत. रंगमास्तरांना तेलुगूशिवाय काही वाचता येत नसे. बाईंना तेलुगू बोलता येई, लिहिता येत नसे. म्हणून त्या प्रत्येक ओळ त्या त्या रंगानेच भरायच्या. लाल सुताची ओळ लाल, मोरपंखीची मोरपंखी.

"मास्तर वाचत नाहीत सर, बघतात," असं त्यांनी मला सांगितलंही होतं.

एकदा परदेशी ग्राहक यायचे होते आणि बाई घरच्या लग्नासाठी रजेवर होत्या. शीट तयार करून गेल्या होत्या. पाहुण्यांसमोर ठेवायला मला ती भडक वाटली. मी नुकताच टेबल स्टाईल, म्हणजे तक्त्याला तयार रंगसंगती, लावायला शिकलो होतो आणि ते दाखवायची खुमखुमी होती. एक फिकट निळी स्टाईल निवडली, तर काहीच बदललं नाही. हाताने भरलेला रंग स्टाईलला जुमानत नाही. मग आधीचं फॉरमॅटिंग पुसून स्टाईल लावायचा पर्याय घेतला. बाईंचे सगळे रंग गेले. वर गडद निळं शीर्षक आणि खाली एक ओळ निळी, एक पांढरी. मी पट्ट्यांची रुंदी बदलून पाहिली, शीर्षकाची अक्षरं ठळक केली, आणि सेव्ह केलं. शिपायाने नेहमीप्रमाणे एक प्रिंट रंगखान्यातही दिली.

दुपारी मास्तर कागद घेऊन वर आले.

"साहेब, ह्या टायमाला नुसतं निळंच हाय की. आन् पांढऱ्याचं काय, तसंच ठेवू?"

पाहुणे समोर बसले होते. मी कागदाकडे पाहिलंही नाही.

"आहे तसं करा. दर वेळी विचारायला येऊ नका."

"बरं. कागद मातर लई झ्याक केलाय," म्हणत मास्तर जिना उतरले.

त्यांनी आहे तसंच केलं. निम्मं सूत फिकट निळं झालं, निम्मं पांढरंच राहिलं.

बाई रजेवरून आल्या त्या दिवशीच मालकांनी आम्हाला बोलावलं.

"शीट कोण करतं?"

"बाई करतात," मी म्हणालो.

"मी रंग भरूनच गेले होते," बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "सर, तुम्ही बघितलं होतं की."

"मला आठवत नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मला आठवेल, म्हणून थांबल्या होत्या. मालकांनी त्यांना त्याच आठवड्यात काढून टाकलं. मी निवृत्त झालो तेव्हा मला शाल मिळाली, आणि माझं काम किती नीटनेटकं, यावर मालक बराच वेळ बोलले.

हल्ली संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसतो. गोळ्यांच्या वेळांचं टेबल केलंय. त्याला स्वतः बनवलेली स्टाईल लावतो, पट्ट्यांचे रंग बदलतो, पुन्हा काढून टाकतो. बघायला कोणी नसतं.

गेल्या हिवाळ्यात सात रस्ता चौकात मागून हाक आली. "सर! ओळखलं का?"

बाई होत्या. केस पांढरे झाले होते.

"किती वाळलात की! वहिनी कशा आहेत?"

"गेल्या."

"अगं बाई. मग जेवणाचं?"

"डबा येतो. तुम्ही काय करता?"

"घरीच विड्या वळते. तिथून काढलेली म्हटल्यावर ऑफिसात कोण घेणार, सर?" हे त्या अगदी सहज बोलल्या, आणि आलेली रिक्षा थांबवून आत बसल्या.

"बाई," मी म्हणालो.

त्यांनी मान बाहेर काढली. "काय, सर?"

"सावकाश जा."

रिक्षा गेली. म्हणायचं होतं ते असं: बाई, तुमचे रंग मी पुसले होते. मालकांसमोर मला सगळं आठवत होतं. मला माफ करा.