चार नंबर गोदामाचा साठा मुंबईत दिसला

डोकं धरून बसायची वेळ आली की मी त्या दिवशी कोण काय बोललं ते वहीत उतरवून ठेवतो. सकाळपर्यंत राग उतरतो, वही उरते. अशा वह्यांनी आता कपाटाचे दोन कप्पे भरलेत. मित्र टेमघरला घरी आले की म्हणतात, गायकवाड, ते सर्व्हर हलवायचं सांग. एकट्या त्या प्रकरणाने २००९ सालच्या तीन वह्या खाल्ल्या.

ठाण्याजवळच्या पूर्णा गावात आमच्या बाळाराम शेठची चार गोदामं. मी तिथे क्लार्क म्हणून लागलो आणि पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकलो, म्हणून पुढे सगळ्यांचा कॉम्प्युटरवाला झालो. तीन आणि चार नंबरच्या गोदामांत एका औषध कंपनीचा माल असायचा. त्यांचं पत्र आलं: दिवाळीपर्यंत आमचा साठा आम्हाला मुंबईच्या ऑफिसात बसून, कधीही, स्क्रीनवर दिसला पाहिजे. तुमच्या ऑफिसातला सर्व्हर चालणार नाही, लाइट गेली की तो बंद असतो. साठ्याच्या नोंदीचं सॉफ्टवेअर बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवा, नाहीतर आम्ही माल हलवतो.

त्या दोन गोदामांवर पस्तीस माणसं होती. माल गेला की तीही गेली. शेठनी पत्र माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "प्लॅन कर."

* * *

सल्लागार म्हणून ठाण्याहून साने आले. सभ्य माणूस, लॅपटॉपवर रंगीत चित्रं घेऊन आलेला. अर्धा तास त्यांनी शेठना समजावलं, की सर्व्हर आपल्याकडे नसेल, डेटा सेंटरवाल्यांच्या मशीनवर आपण जागा भाड्याने घेऊ, याला आता क्लाऊड म्हणतात, पुढे सगळं असंच होणार आहे.

शेठ ऐकत होते. त्यांच्या घराण्याची शेती गेली, त्या जागी गोदामं उभी राहिली, आणि त्यांनी आयुष्यभर एकच धंदा केला, जागा भाड्याने देण्याचा.

"म्हंजे आपली येवढी जागा असून मी दुसऱ्याच्या जागंत भाड्यानं ऱ्हायचं?"

साने म्हणाले, शेठ, तिथे सुरक्षितता असते, करारात सगळं लिहिलेलं असतं. त्यांनी कराराचा मसुदाही काढला. शेठनी तो न वाचता परत केला.

"करार ऱ्हाऊं दे. डेटा सेंटरचा सातबारा हाय का?"

साने माझ्याकडे बघायला लागले. पुढचे दोन आठवडे प्लॅन सातबाऱ्यावर अडला. शेवटी साने यांनी त्या इमारतीच्या मालकी हक्काची झेरॉक्स कुठून तरी पैदा केली. शेठनी चष्मा लावून ती शेवटपर्यंत वाचली, वारसांची नावं बोटाने मोजली आणि मगच म्हणाले, "जागा साफ हाय. घ्या."

* * *

किती ताकदीचं मशीन घ्यायचं ते एका वेळी किती जण काम करतात यावर ठरतं. साने यांनी जुन्या सर्व्हरमधून महिन्याभराची नोंद काढली आणि रिपोर्ट दिला. एका वेळचे युजर: एक.

मी म्हटलं, साहेब, चारही गोदामांत मिळून बारा जण एन्ट्री करतात. ते म्हणाले, नोंद खोटं बोलत नाही. खरंच होतं ते. सगळे शेठच्या नावाने आत जायचे. पासवर्ड शेठच्या नातीचं नाव होतं, आणि ते ट्रकच्या क्लीनरलाही पाठ होतं.

मी एक आख्खा दिवस घालवून बारा जणांना बारा नावं दिली, पासवर्ड गुप्त ठेवायला सांगितलं. आठवड्याने चार नंबरला गेलो. शटरशेजारी भिंतीवर खडूने ओळीत बारा नावं आणि पुढे बारा पासवर्ड लिहिलेले. तिथले सुपरवायझर अन्सारीभाई, वीस वर्षं कापडाचे लूम चालवून मग गोदामात आलेले, भिंतीकडे अभिमानाने बघत होते.

मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "आप बोले थे ना गायकवाडसाब, कोई भूलना नहीं चाहिए. अब कोई नहीं भूलेगा."

मी असं बोललो नव्हतो. पण भिंतीवरचं अक्षर इतकं सुरेख होतं की पुसायला हात धजेना.

* * *

सर्व्हर बाहेर म्हणजे सगळी मदार इंटरनेटच्या लाइनवर. साने म्हणाले, लाइन दोन हव्यात, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, एक गेली तर दुसरी. माझ्या प्लॅनमधला हा सगळ्यात पक्का भाग. दोन कंपन्या, दोन अर्ज, दोन रंगांचे मॉडेमचे डबे. दोन्ही लाइन लागल्या त्या दिवशी मी वहीत फक्त "समाधान" एवढंच लिहिलं.

चौथ्या दिवशी दोन्ही एकदम बंद. दोन्हीकडे तक्रार केली आणि लाइन जिथून येते त्या धामणकर नाक्यावर रिक्षाने गेलो. तिथे एक ट्रेलर खांबाला घासून उभा, खांब आडवा, आणि दोन्ही कंपन्यांची माणसं शेजारी शेजारी बसून चहा पीत होती.

मी विचारलं, तुम्ही दोघं इथे कसे?

त्यातला वयस्कर माणूस मला समजावणीच्या सुरात म्हणाला, "साहेब, कंपन्या दोन आहेत. खांब एकच आहे."

त्या रात्रीचं वहीचं पान कोरं आहे.

* * *

मग साने यांनी दिवसाच्या कामाचा आलेख काढला. सकाळपासून चारपर्यंत रेघ जमिनीला चिकटलेली, चार ते पाच एकदम डोंगर, पुन्हा जमीन. त्यांना वाटलं यंत्र बिघडलंय. यंत्र ठीक होतं. दिवसा लोडशेडिंग, म्हणून माल चिठ्ठीवर उतरायचा आणि लाइट आली की सगळ्या चिठ्ठ्या बारा जण एकदम ठोकायचे.

मी म्हटलं, इन्व्हर्टर घेऊ, ट्रक आला की आधी एन्ट्री, मग माल खाली. एक दिवस तसं केलंही. दुपारपर्यंत ट्रकची रांग गावाबाहेर हायवेला लागली. ड्रायव्हर लोकांनी ऑफिसला येऊन शेठना जे ऐकवलं ते मी लिहिलेलं नाही. शेठनी मला बोलावलं आणि शांतपणे विचारलं, "तुझं सॉफ्टवेअर ट्रक खाली करतं का?"

मी प्लॅन सातव्यांदा लिहायला घेतला, या वेळी चार ते पाचचा डोंगर धरून.

* * *

दिवाळीला दहा दिवस असताना सॉफ्टवेअर बाहेरच्या मशीनवर चालू झालं. शेवटच्या फॉर्ममध्ये साने यांनी एक रकाना ठेवला होता: कुठलं गोदाम, कुठला रॅक. रिकामा सोडला तरी चाललं असतं. मी सोडला नाही. दोन रविवार अन्सारीभाई आणि मी रॅक न् रॅक मोजला, तेही न कुरकुरता सोबत फिरले.

मुंबईहून कंपनीच्या मॅडमचा फोन आला. "गायकवाड, सगळं स्वच्छ दिसतंय. इतकं नीट काम आम्हाला कुठल्याच गोदामाने करून दिलं नाही." शेठनी पेढे मागवले. पस्तीस माणसांना मी स्वतः वाटले.

आठ दिवसांनी पत्र आलं. पहिल्या परिच्छेदात माझं नाव घेऊन कौतुक. दुसऱ्यात असं, की रॅकवार साठा पाहता दोन्ही गोदामं निम्मी रिकामी असल्याचं दिसतं. सगळा माल तीन नंबरमध्ये मावतो. पुढच्या महिन्यापासून चार नंबर सोडत आहोत.

आधी त्यांचे साहेब यायचे, शटरमधून बघायचे आणि चहा घेऊन जायचे. अन्सारीभाई पुढची रांग छतापर्यंत रचून ठेवायचे. मागे काय आहे ते त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

अन्सारीभाईंना मी पत्र वाचून दाखवलं. त्यांच्या हाताखाली अठरा माणसं. त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "फॉर्म में वो रॅकवाला खाना खाली छोड देते, गायकवाडसाब." आणि उठून गेले.

शेठनी मला स्क्रीन उघडायला लावली. तीन नंबर, निम्मं. चार नंबर, निम्मं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली, दाराकडे एकदा बघितलं आणि हळू आवाजात विचारलं,

"गायकवाड, आता त्यांना न्हाय दिसनार, असं काय करता येतं का?"