काळी चोरीला गेली, पांढरी सापडली

कुठे वरात दिसली आणि नवरदेवाखाली पांढरी घोडी असली, की ती घटना मला आजही आठवते. बाकीचे लोक नवरदेवाकडे पाहतात, मी घोडीच्या कपाळाकडे पाहतो. बायको म्हणते, निवृत्त झालात तरी तपास काही सुटत नाही तुमचा. हा एक तपास सुटू नये असंच मला वाटतं.

तेव्हा मी वाशिम जिल्ह्यात, रिसोड भागातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. नवीन ठाण्याचा चार्ज घेतला की आधी जुने, तपासावर पडून असलेले गुन्हे वाचायचे, ही माझी पद्धत. खून-दरोड्यांकडे सगळ्यांचंच लक्ष असतं. पडून राहतात ते मोटरपंप, म्हशी आणि सायकली. त्यातच एक गुन्हा होता, शिंगरू चोरीचा. वर्णन असं: मादी शिंगरू, रंग काळा, कपाळावर पांढरा चांद, मागच्या डाव्या पायाचा खालचा भाग पांढरा.

फिर्यादी बाईंना सारं गाव चाची म्हणायचं, म्हणून मीही चाचीच म्हणू लागलो. नवरा पूर्वी टांगा चालवायचा. टांगे बंद पडले तसा तो वरातीला घोडे देऊ लागला. तो गेल्यावर चाचीने धंदा मोडला नाही. डोक्यावरून पदर घेऊन, स्वतः लगाम धरून ती वरातीत चालायची. नवऱ्याची लाडकी पांढरी घोडी व्याली आणि दोन दिवसांत मेली. मागे राहिलेलं काळंभोर शिंगरू चाचीने बकरीच्या दुधावर, बाटलीने पाजून जगवलं. नाव ठेवलं काजल. वर्षाची व्हायच्या आत काजल चराईच्या रानातून नाहीशी झाली.

चाची बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची. भांडण नाही, रडणं नाही. दारात उभी राहून विचारायची, "काई खबर, साहेब?"

"नाही, चाची."

"बरं. जित्ता घोडा चालत राह्यते. कुठं ना कुठं चालून राह्यली असन."

एवढं बोलून ती भाजी घ्यायला जायची. मला मात्र तिचं ते न भांडणंच जास्त टोचायचं.

चोरीला चार वर्षं होत आली होती. एक दिवस गावातल्या बँड पथकातला ताशेवाला चारित्र्याच्या दाखल्यासाठी ठाण्यात आला. दाखल्यावर सही घेतली तरी तो हलेना. म्हणाला, "साहेब, मेडशीकडं लग्नात वाजवाले गेलतो. तिथं एक घोडी पाह्यली. ताशा सुरू झाला का डावा कान पाडते अन् उजवा पाय आपटते. चाचीच्या मेलेल्या घोडीची हुबेहूब आदत! माह्या अंगावर काटाच आला."

"रंग कोणता?"

"पांढरा. पायावर थोडी राखाडी झाक."

"अरे, आपलं शिंगरू काळं होतं."

"ते मले नाई मालूम, साहेब. कान तोच होता."

कानावरून कुठे गुन्हा उघडकीला येतो का? तरी मी चाचीला निरोप पाठवला. रंग ऐकून ती खचेल असं मला वाटलं होतं. ती उलट पुढे सरकली. "पांढरीच असन! तिची माय बी काळीच जन्मली होती. असल्या घोड्याचं असंच राह्यते. जन्मते काया, डोयाभोवती राखेवानी गोल असते, अन् मंग साल दर साल पांढरा होत जाते."

आमचे हवालदार टोपी काढून, पांढरे केस दाखवत म्हणाले, "आमचं बी तसंच झालं, चाची. नोकरी तेच, केसाचा रंग गेला."

चाची हसली. ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

चौकशी केली तेव्हा घोडी रिठदच्या एका शेतकऱ्याची निघाली. त्याला ठाण्यात बोलावलं. टेम्पोत चढायला घोडी भिते म्हणून हा माणूस तिच्या बरोबर पायी आला. बौद्ध वस्तीतला, मध्यमवयीन, अंगात धुतलेला पण इस्त्री नसलेला शर्ट. वर्षापूर्वी बाहेरच्या जिल्ह्यातल्या एका दलालाकडून त्याने घोड्यांच्या बाजारात घोडी घेतली होती, पावतीसकट. त्याने तिचं नाव चांदणी ठेवलं होतं.

घोडीला आवारातल्या लिंबाला बांधलं. मुद्देमालाने पहिल्याच दुपारी ठाण्याच्या कुंड्यांतली सारी शोभेची झाडं खाऊन टाकली.

आता ओळख पटवायची कशी? कुणीतरी सुचवलं, हाक मारून पाहा, जनावर मालकाला विसरत नाही. एका बाजूने चाची "काजल, काजल" करतेय, दुसऱ्या बाजूने शेतकरी "चांदणी". घोडीने दोघांकडे पाहिलं आणि सरळ हवालदारांकडे गेली. त्यांच्या खिशात फुटाणे होते. त्या दिवसापासून जनावराच्या साक्षीवर माझा फारसा भरवसा नाही.

मग केसांचे भोवरे पाहिले. आपल्याकडे घोडा घेणारा रंगाआधी भोवरे पाहतो, कारण ते मरेपर्यंत जागा सोडत नाहीत. चाचीने सांगितलेले कपाळावरचे जोड-भोवरे या घोडीला होते. पण दलालाला आणलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "साहेब, जोड-भोवरे माह्या बाजारात कित्येक दाखवतो. अन् चांद कुठं हाय? पाय कुठं पांढरा हाय?" त्याचं बरोबर होतं. सगळं अंगच पांढरं झाल्यावर पांढरा चांद दिसणार कुठून? आई मेलेली, त्यामुळे रक्त जुळवून पाहायची वाटही बंद होती.

चौकशीत मी आवाज क्वचितच चढवतो. खोटं बोलणारा माणूस चोरीबद्दल विचारलं की थोडक्यात बोलतो, पण मालाबद्दल विचारलं की त्याची जीभ सुटते, विशेषतः तो विकणारा असेल तर. मी चोरीचं नावच काढलं नाही. म्हटलं, "घोडी झकास आहे हो. अशी मिळते कुठे?"

दलाल फुलला. "मिळत नाई, साहेब, पैदा करा लागते! माह्याच दावनीले जन्मली. मायच्या पोटातून निघाली तेच दुधासारखी पांढरी. एक काया केस नव्हता अंगावर."

हे मी त्याच्या जबाबात शब्दशः घेतलं.

शेतकरी बाहेर बाकावर बसून ऐकत होता. तो दारात आला. "साहेब, मले इकतानाही हेच सांगतलं यानं. म्या म्हनलं, अंगावर राखाडी काहून दिसते? तं म्हने, मयली हाय, घासून धू, दुधावानी पांढरी निंगते. म्या सालभर घासून राह्यलो तिले, अन्..."

तो एकदम थांबला. घोडीकडे पाहिलं आणि खाली पाहू लागला.

इतक्या वर्षांत एक गोष्ट मी शिकलो होतो. बोलणारा माणूस वाक्याच्या मध्येच थांबला, की खरं तिथेच असतं. मी दलालाला दुसऱ्या खोलीत बसवलं आणि शेतकऱ्यासमोर चहा ठेवला. त्याने चहाला हात लावला नाही.

"साहेब, माह्यावर चोरीचा माल घेतल्याचा गुन्हा लागन का?"

"नाही. तुम्ही उघड्या बाजारात पावतीने घेतली. पण घोडी चाचीची ठरली, तर ती तुमच्याकडे राहणार नाही. तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही मी."

चहावर साय धरली. गप्प राहिला असता तर कोणतंही कलम त्याला बोलतं करू शकलं नसतं आणि घोडी त्याच्याच दावणीला राहिली असती. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "एक बकेट पानी द्या."

मी लगेच दोन पंच बोलावले, पशुवैद्यकीय डॉक्टरांना तालुक्याहून बोलावून घेतलं. सगळे जमल्यावर शेतकऱ्याने घोडीच्या कपाळावरून हळूहळू पाणी सोडलं, डोळ्यांत जाऊ नये म्हणून वर आडवा तळहात धरून. केस भिजून अंगाला चिकटले तशी खालची काळी कातडी दिसू लागली. आणि कपाळाच्या मधोमध, त्या काळ्यात, चिंचोक्याएवढा गुलाबी डाग उमटला. त्याला डाव्या डोळ्याकडे वळलेली एक बारीक शेपटी होती. मागच्या डाव्या पायावर पाणी टाकलं, तिथेही कातडी गुलाबी.

"रोज दिसे मले," तो म्हणाला. "मले वाटे, लागलं असन कधी."

चाचीच्या मोबाईलमध्ये काजलचा लहानपणीचा फोटो होता. काळ्या कपाळावर तसाच चांद, तशीच डावीकडे वळलेली शेपटी. मी फोटो जुळवत होतो. चाचीने फोटोकडे पाहिलंही नाही. तिने ओल्या कपाळावर हात ठेवला आणि "माही बच्ची" एवढंच म्हणाली.

डॉक्टरांनी लेखी मत दिलं. काळ्या शिंगराच्या पांढऱ्या खुणेखाली कातडी गुलाबी असते, बाकीची काळी. केसांचा रंग उडाला तरी कातडीचा बदलत नाही. आणि जन्मतः दुधासारखं पांढरं असलेलं जनावर अंगभर गुलाबी असतं, म्हणजे ही घोडी जन्मतः पांढरी असणं शक्यच नाही. गिऱ्हाइकाला भुलवायला मारलेली थाप दलालाच्याच गळ्यात अडकली. वर "घासून धू" हा सल्लाही त्याचाच! मी जबाब त्याच्यापुढे ठेवला तेव्हा त्याने पाणी मागितलं. आमच्या हवालदारांनी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "प्यायले का धुवाले?" संध्याकाळच्या आत त्याने चोरी कबूल करून जागा दाखवली.

न्यायालयाच्या आदेशाने घोडी सुपूर्दनाम्यावर चाचीला दिली. घोडी घेऊन जायची वेळ आली तेव्हा शेतकऱ्याने स्वतःची दोरी सोडली नाही, तशीच तिच्या गळ्यात राहू दिली. मला राहवलं नाही. मी विचारलं, "तुम्ही गप्प राहू शकला असता. का बोललात?"

तो म्हणाला, "साहेब, माह्या लग्नात आमच्या वस्तीत घोडेवाला आला नाई. घोडा लंगडते म्हने. माह्या भावाच्या लग्नात बी त्याचा घोडा लंगडतच होता. तवाच ठरवलं, आपली घोडी घ्याची. आता आमचे पोरं पयल्यांदा घोडीवर बसून राह्यले. त्याहिले चोरीच्या घोडीवर बसवू का? मंग तो मान कायचा?"

चाची तिथेच उभी होती. ती म्हणाली, "तुया वस्तीतलं लगन असलं का मले फोन कर, भाऊ. काजल येईन. अन् लगाम मी सोता धरीन."

तिने शब्द पाळला. माझी बदली होईपर्यंत रिठदच्या त्या वस्तीतून निघालेल्या वरातींत पुढे काजल आणि तिच्या बाजूला पदर सावरत चालणारी चाची मी स्वतः पाहिली.

नोकरीत मला खरं सांगणारी माणसं पुष्कळ भेटली, पण बहुतेक जण कोंडीत सापडल्यावर बोलले. आपलं नुकसान समोर दिसत असताना, कुणी जबरदस्ती करत नसताना बोललेला हा एकच. त्या प्रकरणात मला शाबासकी मिळाली. तपास मात्र त्याच्या बादलीने लावला. मी त्याचे उपकार मानले तेव्हा तो गोंधळला, त्याला वाटलं साहेब थट्टा करतात.

निवृत्तीनंतर पुढच्याच वर्षी त्याचा फोन आला. "साहेब, रिठदले या. चाचीनं बलावलं."

गेलो. त्याच्या अंगणात, त्याच जुन्या दोरीने बांधलेलं, लांब पायांचं काळं शिंगरू उभं होतं. कपाळावर चांद, डोळ्यांभोवती राखेसारखं गोल. काजलचं पहिलं बाळ. दूध तुटल्याबरोबर चाचीने स्वतः आणून त्याच्या दावणीला बांधलं होतं. शेतकरी नुसता शिंगराच्या मानेवरून हात फिरवत होता.

"साहेब, मोबाईल काढा," चाचीने हुकूम सोडला. "फोटो घ्या याचा. पन पयले पानी टाका."

"अहो चाची, अजून काळं आहे ते. चांद कोरडाच दिसतो की."

"तरी टाका," ती म्हणाली. "आता हे याचं हाय. कोनी चोरलं तं सबूत पाह्यजे ना."

शेतकरी बादली घेऊन आला. तो फोटो माझ्याकडे आहे. भिजलेलं, चिडलेलं शिंगरू, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून धरलेला आडवा तळहात.