काटकोनात अडकलेला पेढा

आमच्या घराण्यात आजवर कुणी फिजिओथेरपी केलेली नव्हती. आमच्याकडं माणूस पडला की उठतो, कुणी बघितलं का ते बघतो, कपडे झटकतो आणि चालायला लागतो. मी पडलो तेव्हा बघणारे तिघं होते, म्हणून नाइलाजानं दवाखान्यात जावं लागलं.

पडायचं कारण शेवगा. हिंगोलीतल्या आमच्या घरामागं शेवग्याचं झाड आहे आणि त्या दिवशी मला शेंगांच्या आमटीची हुक्की आली. सुनंदा (ही माझी बायको, या गोष्टीत शेवटपर्यंत तिचंच बराबर निघतं, तेव्हा नाव आत्ताच लक्षात ठेवा) म्हणाली, "अहो, शेजारून शेंगा काढायची आकडी आणा."

"आकडी कशाला? मी आहे ना!"

असं म्हणून मी साइड स्टँडवर लावलेल्या मोटरसायकलच्या सीटवर उभा राहिलो आणि आधाराला शेवग्याची फांदी धरली. शेवग्याची फांदी काकडीसारखी मोडते हे आमच्याकडचं बारकं लेकरूसुद्धा सांगेल. पण मी गणिताचा मास्तर, झाडंझुडपं माझ्या विषयात येत नाहीत! लोकांना दुसरे कुणीतरी हरभऱ्याच्या झाडावर चढवतात, मी शेवग्यावर आपल्या आपणच चढलो. फांदी हातात आली, मोटरसायकल आडवी झाली आणि दोघांच्या मधल्या जागेतून मी उजव्या कोपरावर उतरलो. शेंगा मात्र सात मिळाल्या. आम्ही दवाखान्यातून परत येईपर्यंत शेजारणीनं त्यांची आमटी केली होती. चांगली झाली होती म्हणे.

प्लास्टर निघालं तेव्हा कळलं की हात काटकोनात अडकलाय. सरळ होईना, दुमडेना. नव्वद अंश! तीस वर्षांत फळ्यावर इतका अचूक काटकोन मला काढता आला नव्हता. रस्त्याच्या कडेला नुसता उभा राहिलो तरी ऑटोवाले थांबायचे, "कहाँ जाना है सर?" म्हणायचे आणि कुठंच जायचं नाही म्हटलं की माझ्याकडं रागानं बघायचे. ते चाललं असतं. पण जेवताना घास छातीपर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. घास तोंडाकडं बघायचा, तोंड घासाकडं. मान खाली घालून त्याला गाठायला गेलो तर वरण शर्टाच्या खिशात जायचं. शेवटी सुनंदा मला भरवायला लागली. पन्नाशी ओलांडलेला, शाळेत दरारा असलेला माणूस मी, आणि रोज दोन वेळा "आ करा" ऐकून घेत होतो!

हेही चाललं असतं. पण दोन महिन्यांवर आमच्या अंकिताचा साखरपुडा होता. त्रिशरण-पंचशील झालं की दोघं व्याही उठतात, गळाभेट घेतात आणि एकमेकाला पेढा भरवतात. उजव्या हातानं. डाव्या हातानं भरवला तर पाहुणे आठवडाभर तेवढंच बोलतील.

माझे वडील, म्हणजे दादा, शिरड शहापूरजवळच्या आमच्या गावाहून मला बघायला आले होते. त्यांनी तोडगा काढला. "त्यात काय? तुह्या जागी बाळू उभा ऱ्हाईल."

बाळू माझा चुलतभाऊ. लग्न कुणाचंही असो, फोटोत हा पहिल्या ओळीत असतो. तो त्याच दिवसापासून मिशीला कलप लावायला लागला.

पण अंकितानं ऐकलं. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "पप्पा, पेढा तुमीच भरवायचा. बाळूकाका न्हाई." आणि आत निघून गेली. तिचा आवाज कापत होता. शेंगांची आमटी मरो, पोरीचा एवढा एक दिवस तरी माझ्या हातून व्हायला पाहिजे होता.

डॉक्टर म्हणाले होते, फिजिओथेरपी लावा. मी घरात विषय काढला.

"काय करत्यात तिथं?" दादांनी विचारलं.

"हात हलवतात, दादा."

"कोन हलवतं?"

"मीच. ते सांगतात, मी हलवतो."

"म्हंजी हात तुहा, हलवणार तू, अन् पैसे त्यायला? काहून?"

मी डॉक्टरांची चिठ्ठी दादांपुढं धरली.

"नाव काय म्हनलास?"

"फिजिओथेरपी."

"बराबर!" दादांनी मांडीवर थाप मारली. "नावातच सांगून ऱ्हायले ते. फिजूलथेरपी! इमानदार लोकं दिसतात!"

त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव फिजूलथेरपीच पडलं. तरी सुनंदानं मला रेटून पाठवलं. आत गेलो तर समोर प्रणिता! माझी जुनी विद्यार्थिनी. सातवीत असताना कंपासपेटी आणली नाही म्हणून मी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिनं ड्रॉवरमधून कोन मोजायची भली मोठी प्लास्टिकची पट्टी काढली आणि गोड हसली.

"सर, आज कंपास आणलाय."

मला तिथूनच पळून जावंसं वाटलं.

तिनं कोपर मोजलं. "नव्वद. आता सांगा सर, काय दिलंय आणि काय काढायचंय?" हे माझंच वाक्य. शाब्दिक उदाहरण आलं की मी वर्गात ओरडायचो, 'आधी उदाहरण नीट वाचा! काय दिलंय, काय काढायचंय!'

"दिलंय काटकोन," मी म्हणालो. "काढायचंय... दोन महिन्यांत पेढा तोंडापर्यंत न्यायचाय."

"मग लघुकोन पाहिजे. होईल. पण घरचा अभ्यास रोज करायचा." आणि तिनं चक्क वही दिली! रोज व्यायाम लिहायचा आणि खाली पालकांची सही आणायची. पालक म्हणजे सुनंदा.

मग तिनं हात धरला आणि म्हणाली, "थोडी तकलीफ होईल." मी जो आवाज काढला, तो ऐकून बाहेर नंबर लावून बसलेली दोन माणसं उठून घरी गेली म्हणतात. एवढ्याशा पोरीच्या अंगात एवढं बळ! दोन खेपा कशाबशा केल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मला अचानक दादांचं म्हणणं पटायला लागलं. हात माझा, हलवणार मी, मग काहून?

"त्यापरीस गावाकडं चाल," दादा म्हणाले. "ढोल फिरव. तुहा हात बी सुटंल, हळद बी चमकंल."

हळद शिजवून वाळवली की ढोलात घालून फिरवतात, म्हणजे घासून घासून वरची साल निघते. आता ट्रॅक्टरवर फिरणारे ढोल आलेत, पण दादांनी हातानं फिरवायचा जुना ढोल सांभाळून ठेवला होता. मला वाटतं, माझ्यासाठीच. सुनंदा म्हणाली, "अहो, प्रणिताला विचारा तरी!" मी म्हणालो, "तिला काय विचारायचं? माझीच विद्यार्थिनी ती!"

तीन दिवस ढोल फिरवला. हळद अशी चमकली की दादा शेजाऱ्यांना बोलावून दाखवायला लागले. हात कुणाला दाखवण्यासारखा राहिला नव्हता. कोपराचा कोहळा झाला होता! दादांनी त्यावर हळदीचा लेप थापला. गावातली एक म्हातारी बघायला आली आणि पदर तोंडाला लावून हसली. "अगं बया! लगीन पोरीचं अन् हळद बापाला?"

मुकाट्यानं हिंगोली गाठली आणि प्रणितासमोर जाऊन बसलो.

"सर, वही?"

"घरी राहिली."

"व्यायाम केला?"

"केला की!"

"रोज?"

"पाहुणे आले होते. मग लाइट गेली होती..." बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली. तीस वर्षं पोरांच्या तोंडून ऐकलेल्या थापा एकापाठोपाठ एक माझ्या तोंडून बाहेर पडत होत्या, आणि त्याही जुन्याच! एक नवी थाप सुचू नये?

प्रणितानं बाही वर केली. बोटांपासून दंडापर्यंत हात पिवळाधमक. तिनं पट्टी लावली. "पंच्याण्णव. सर, काटकोनाचा विशालकोन झाला."

मी ढोलाचं कबूल केलं. बर्फाची पिशवी माझ्या हातात दिली आणि दाराकडं बोट दाखवलं. "सर, बाहेर बसा. सूज उतरेपर्यंत." मी तासभर बाहेर बसलो. सातवीची फिट्टंफाट झाली.

घरी आलो तर बाळू नवा कोट घालून सुनंदाला विचारत होता, "वहिनी, बघा, बराबर दिसून ऱ्हायला का?" त्याच्या मागं अंकिता उभी होती. ती कोटाकडं बघत नव्हती, माझ्या पिवळ्या हाताकडं बघत होती. मग मात्र मी ठरवलं. फिजूल तर फिजूल, आता एक दिवस चुकवायचा नाही!

सूज उतरल्यावर प्रणितानंच युक्ती काढली. "सर, तुमाला पेढाच न्यायचाय ना तोंडापर्यंत? मग पेढ्यानंच करा. रोज वीस खेपा. पोचला की खायचा."

झालं! घरात पेढ्याचे पुडे यायला लागले. पहिल्या आठवड्यात पेढा छातीपर्यंत आला, मग गळ्यापर्यंत. न पोचलेले पेढे दादा खायचे. समोर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "न्हाई पोचत रे. इकडं आन." तेवढ्यापुरता त्यांचा थेरपीला विरोध नसायचा. पुढं पेढा हनुवटीला लागला तेव्हा तर दादांचा चेहराच पडला, कारण त्यांचा वाटा कमी व्हायला लागला होता.

आणि एका सकाळी पोचला. वेदनेनं डोळ्यांत पाणी होतं, पण पेढा ओठाला टेकला आणि आत गेला! तीन महिन्यांत माझ्या हातानं मी खाल्लेला पहिला घास. मी ओरडलो, सुनंदा लाटणं घेऊन धावत आली आणि रडायलाच लागली. मीही रडलो. त्यानंतर रोज वीस पेढे बिनचूक पोचले. हात असा तयार झाला की पेढा बोटात आला की पुढचं आपोआप व्हायचं, मला लक्षसुद्धा द्यावं लागत नव्हतं.

साखरपुड्याला सगळे आले. प्रणितालाही बोलावलं होतं. दादा पहिल्या ओळीत. बाळू कोट घालून तयारच, न जाणो! आमचे व्याही म्हणजे आडवातिडवा माणूस, कनेरगाव नाक्याला त्यांचा धाबा आहे. वंदना झाली. "जयभीम, मास्तर!" म्हणत त्यांनी मला मिठीत घेतलं आणि हात बराबर त्यांच्या पाठीमागं गेला. अंकितानं माझ्याकडं बघितलं. पोरीच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, त्यासाठी मी आणखी दहा ढोल फिरवले असते.

त्यांनी मला पेढा भरवला. आता माझी पाळी. मी पेढा उचलला. आयुष्यभर जगाला खाऊ घालणारा माणूस, आज आपल्याला कुणीतरी भरवणार म्हणून डोळे मिटून, तोंड उघडून उभा. हात उचलला. हात निघाला. लघुकोन अगदी सुरेख झाला.

आणि पेढा मी खाल्ला.

व्याही तोंड उघडं ठेवून वाट बघतायत. मी घाबरून पटकन दुसरा पेढा उचलला आणि तोही खाल्ला! व्याह्यांनी एक डोळा उघडला. "मास्तर, आमचा कुठाय?"

"वसूल!" पहिल्या ओळीतून दादा ओरडले. "सगळे पैसे वसूल! फिजूल न्हाई रे, वसूलथेरपी हाय ही!"

सगळा मांडव हसायला लागला. व्याही तर इतके हसले की खुर्चीवर बसले. तिसऱ्या पेढ्याला सुनंदानं माझं मनगट धरलं, पहिलीतल्या पोराला अ गिरवायला शिकवतात तसं, आणि पेढा व्याह्यांच्या तोंडात नेऊन सोडला. अंकिता हसून हसून डोळे पुसत होती. म्हणजे सोयरीक शाबूत होती.

जेवणं झाल्यावर प्रणिता माझ्याजवळ आली. ती हसत नव्हती, आणि ते जास्त वाईट होतं.

"सर, पेढा दुसऱ्याच्या तोंडात घालायचा होता?"

"मग? व्याह्यांना भरवायचा होता."

"तुमी कुणाचं तोंड ते सांगितलंच न्हाई! मी समजले, तुमाला खायचाय." तिनं स्वतःचं कोपर काटकोनात धरलं आणि हात माझ्या तोंडासमोर आणला. "समोरच्याला भरवायला तर काटकोन पुरला असता, सर. तो तुमच्याकडं पहिल्या दिवशीच होता."

ती वही मी अजून जपून ठेवलीय. शेवटच्या पानावर प्रणितानं लाल पेनानं शेरा लिहिलाय, 'उत्तर बरोबर, उदाहरण नीट वाचलेले नाही.' खाली पालकांची सही आहे. सुनंदानं ती न सांगता केली.