ताई पहिल्यांदा खेळली

लहानपणी आमच्या घरात व्हिडिओ गेम दादा खेळायचा. ताई आणि मी नुसत्या बघायचो. पोरींनी खेळून काय करायचं, असं घरातले सगळे म्हणायचे. शुद्ध मूर्खपणा होता तो, दुसरा शब्द नाही.

यंदा दिवाळीला ताई अकोल्याहून माहेरी, अमरावतीला आली. मी जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकली, तेव्हाचे गेम चालवणारं एम्युलेटर बसवलं आणि वायर टीव्हीला जोडली. चित्र आलं, पण कंट्रोलरवर उडीचं बटण दाबलं की खेळच थांबायचा. ताई म्हणाली, "राहू दे वं, माह्या नशिबातच नाही."

"नशीब कायचं? सेटिंग चुकली," मी म्हणाले आणि एकेक बटण नव्याने ठरवून दिलं.

ताई पहिल्याच खड्ड्यात पडली. दुसऱ्यांदाही तिथंच. दादाने सवयीने हात पुढे केला, "आण इकडं, मी पार करून देतो."

"मीच पडून राहिली ना? मंग पडू दे मले."

तिसऱ्या उडीला तिने खड्डा पार केला. आम्ही दोघी इतक्या हसलो की ती लगेच पुढच्या खड्ड्यात गेली. कंट्रोलर मात्र तिने सोडला नाही.