निरोप पोचवणं थांबलं तेव्हा

मागच्या पावसाळ्याच्या अखेरीस मी चर्चच्या पाळकाचं काम सोडायचं ठरवलं होतं. बायकोशी बोलणं झालं होतं, जालन्यात एका ओळखीच्या शाळेत शिक्षकाची जागा आहे का याची चौकशीही करून झाली होती. वाटूरजवळच्या गावात आमची ख्रिस्ती मंडळी आहे. चाळीसेक घरं, बहुतेक शेती करणारी, काही मोलमजुरीला जाणारी. माणसं चांगली आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नव्हती. पण प्रार्थनेला गुडघे टेकले की मन कालच्या बोलण्याचा आणि उद्याच्या कटकटीचा हिशेब मांडत बसायचं. आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून शब्द म्हणायचो आणि ते शब्द मलाच पोकळ वाटायचे. रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. देवाने या कामाला बोलावलं होतं हे मला ठाऊक होतं, पण तो अजून बोलावतोय का, याची खात्री राहिली नव्हती.

कारण सांगायला साधं आहे. मंडळीचे दोन प्रमुख वडील, म्हणजे कारभार पाहणारे, वसंतराव आणि सुधाकरराव, हे नात्याने मेहुणे. वसंतरावांची बायको मार्था ही सुधाकररावांची धाकटी बहीण. तिला पोटाचा कर्करोग झाला. सुधाकररावांचं म्हणणं होतं की तिला मोठ्या दवाखान्यात हलवावं, वसंतरावांनी तिला घरीच ठेवलं. तिने घरीच प्राण सोडला. मातीच्या दिवशी सुधाकरराव बहिणीच्या डोक्याशी उभे राहिले, पण मेहुण्याकडे त्यांनी पाहिलं नाही. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. उपासनेला दोघेही यायचे, एक उजवीकडच्या बाकावर, एक डावीकडच्या. आणि मंडळीचं जे काही काम असेल, त्याचा निरोप एकाकडून दुसऱ्याकडे मी न्यायचा. “पाळकसाहेब, त्याला सांगा, चर्चचे पत्रे बदलायचे आसतील तर सणाच्या आधी बदला.” मग दुसरीकडून, “त्याला म्हणावं, मला विचारायची गरज काय पडली?” मी ते शब्द वाटेत मऊ करून पोचवायचो. हीच माझी सेवा, शांती करणाऱ्याचं काम, असं मी स्वतःला समजावत होतो.

विभागाचे अध्यक्ष पाळक जालन्यात असतात. काम सोडतोय हे त्यांना तोंडी सांगावं म्हणून मी गेलो, तर ते एका अंत्यविधीला गेलेले. चर्चच्या ऑफिसात एक बाई एकट्याच बसल्या होत्या. साठी उलटलेल्या, सुती साडी, मांडीवर पर्स. सलाम झाला. त्या निवृत्त परिचारिका होत्या, राहायला जालन्यातच, मस्तगडला. अलीकडे त्या पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना कोचिंग देतात, असं म्हणाल्या. कोचिंग म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टर-इंजिनिअर व्हायला निघालेल्या पोरांचे क्लास आले. मी हसलो, त्याही हसल्या. “मी शिकवत काहीच न्हाई,” त्या म्हणाल्या. “विचारते आणि ऐकते. आज एक पाळक येणार होते, त्यांची गाडी बंद पडली. त्यांचा वेळ रिकामा आहे. तुम्हाला पाहिजे का?”

मला तो वेळ नको होता. तरी मी बसलो आणि बोलायला लागलो. इतकं सगळं मी बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्यांनी सल्ला दिला नाही, धीर दिला नाही, बायबलमधलं एखादं वचनही ऐकवलं नाही. मी थांबलो तेव्हा एवढंच विचारलं, “ते दोघं समोरासमोर का बोलत न्हाईत?”

“त्यांना त्याची गरजच पडत नाही. मी असतो ना मध्ये,” मी म्हणालो. आणि माझंच वाक्य माझ्या कानावर पडलं. खिडकीबाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं, तो आवाज मला अजून आठवतो. मी पूल आहे असं समजत होतो. पण त्यांना एकमेकांचं तोंड दिसू नये अशी सोयही मीच करून ठेवली होती.

अध्यक्षांची वाट न पाहता मी परत आलो. पुढच्या खेपेला वसंतरावांनी निरोप दिला, तेव्हा मी हात जोडले. “हे तुम्हीच त्यांना सांगा. मी आता निरोप नेणार नाही.” वसंतराव चिडले. सुधाकररावांनी तर उपासनेला येणंच सोडलं. पत्र्यांचं काम अडलं, पाणी थेट वेदीवर गळू लागलं आणि लोक मला बोलू लागले. मी घाबरून मस्तगडच्या बाईंना फोन केला. त्यांनी विचारलं, “भीती नेमकी कशाची वाटून राह्यली?” मंडळी फुटेल, असं उत्तर तयार होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच, की माझ्यावाचून यांचं जमलं तर मग मी कशाला आहे? त्या दिवशी पहिल्यांदा मी या मंडळीला माझी न म्हणता देवाची म्हणून प्रार्थना केली. देवा, ही माणसं तुझी आहेत, तू सांभाळ. बस, एवढीच. त्यानंतर भीती गेली असं नाही, पण झोप लागायला लागली.

उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या सणाच्या आदल्या दिवशी धावड्याला आमच्या जुन्या सभासदाची माती होती. मला जावंच लागलं. चर्चची चावी वसंतरावांकडे, सजावटीची जबाबदारी सुधाकररावांच्या घराची, आणि मध्ये मी नाही. संध्याकाळी परत आलो तर चर्च उघडं. ज्वारीची कणसासकट ताटं दाराला बांधलेली, आणि पायरीवर दोघे मेहुणे बसलेले. सुधाकरराव चावी मागायला मेहुण्याच्या दारात गेले होते, बहीण गेल्यावर पहिल्यांदाच. घरात तिचा फोटो पाहून त्यांना रडू कोसळलं, असं मला नंतर कळलं.

मी आडोशालाच थांबलो. वसंतराव सांगत होते, “तिनंच हात धरून म्हणलं, दादाला सांगू नका. तो मला गाडीत घालून नेईल आन् मी रस्त्यातच जाईन. मला घरीच राहू द्या.”

“मंग मला का न्हाई सांगितलं रे तेव्हा?”

“कसं सांगू? पाळकसाहेबाकडून निरोप धाडायचा होता का हा?”

सुधाकरराव म्हणाले, “नेलंच असतं मी तिला. ऐकलं नसतं तिचं.” वसंतरावांनी मान हलवली. मी मागच्या मागे घरी गेलो आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं.

आजही त्यांचे वाद होतात, पत्र्यांवरून तर फारच झाले. पण आता ते एकमेकांशी होतात. त्या बाईंशी मी अजूनही अधूनमधून बोलतो, त्या अजूनही फक्त विचारतात. त्या दिवशी ऑफिसात अध्यक्ष भेटले असते तर मी आज पाळक नसतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. याला कोणी योगायोग म्हणेल, मी वाद घालत नाही. मी देवाचे उपकार मानतो. जे काम मी इतकी वर्षं हातात घट्ट धरून होतो ते सोडल्यावर माझ्या लक्षात आलं, की ते आधीपासून दुसऱ्याच्याच हातात होतं, आणि तो हात माझ्यापेक्षा कितीतरी धीराचा आहे.